बबन दाजींची एकेचाळीस घरं

मंगळवारी सकाळी दहा चाळीसला लाईट गेली आणि अकराला परत आली. लाईट आली तेव्हा माझ्या बहिणीचा, सुमनताईचा, हात कुट्टी मशीनमध्ये होता. मशीनची जोडणी तिच्या नवऱ्याने, बबन दाजींनी केली होती. बटण न दाबता मोटर चालू करणारा ऑटोही त्यांनीच बसवला होता.

ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. शेतीची लाईट दिवसातून ठरलेले तास असते आणि त्या तासांतही ती मधेच जाते, मधेच येते. दर वेळी विहिरीवर जाऊन बटण कोण दाबणार? म्हणून स्टार्टरच्या पेटीत एक छोटा डबा बसवतात. त्याला आमच्याकडे ऑटो म्हणतात. लाईट आली की मिनिटभरात तो मोटर आपोआप चालू करतो. माणूस बाजारात असो की लग्नात, पाणी सुरू होतं. विहिरीसाठी ही सोय फार चांगली आहे. पण ताईच्या घरामागेच विहीर, आणि स्टार्टरची पेटी गोठ्याच्या भिंतीवर. दाजींनी विचार केला की चारा बारीक करायच्या मशीनला वेगळा स्टार्टर कशाला? एक दांडा बसवला. दांडा वर केला की विहिरीची मोटर, खाली केला की कुट्टी. ऑटो दोघांना एकच.

त्या दिवशी ओल्या मक्याचा बोळा मशीनच्या तोंडात अडकला आणि त्याच वेळी लाईट गेली. ताई थोडा वेळ थांबली. मग तिने हात घालून बोळा ओढायला सुरुवात केली. लाईट नाही म्हणजे मशीन बंद, असं आमच्याकडे सगळेच धरून चालतात. ताईनेही तेच धरलं.

चार बोटं आणि अर्धा तळहात गेला. अंगठा राहिला.

दाजींबद्दल लिहायचं तर त्या मंगळवारच्या आधीचे दाजी आणि नंतरचे दाजी असे दोन भाग करावे लागतात. मला स्वतःला असे भाग करून लिहिलेलं वाचायला आवडत नाही, पण इथे इलाज नाही.

आधीचे दाजी अवसरी बुद्रुक ते पार ओतूरपर्यंत ओळखले जायचे ते घाईसाठी. उंच, काटकुळे, खांद्यावर वायरचं वेटोळं, दातात टेस्टर. गिऱ्हाइकाच्या दारात गेले तरी मोटरसायकल बंद करायचे नाहीत. ती बाहेर फटफटत उभी राहायची आणि तिचा आवाज चालू असेपर्यंत काम उरकायचं, असा त्यांचा हिशेब होता. भाकरी उभ्यानेच खायचे, चटणी आत घालून गुंडाळी करून. "हे काय, झालंच," हे त्यांचं वाक्य. काम सुरू करतानाही तेच आणि संपवतानाही तेच. ताई म्हणायची, "लग्नात सात फेरे यांनी असे घातले, की भटजी दोन मंत्र मागंच राहिले."

त्यांच्या वडिलांकडे मेंढरं होती. पाऊसकाळ सरला की ते कळप घेऊन कोकणात उतरायचे. म्हातारबा पुणे-नाशिक रस्ता ओलांडायच्या आधी कळप थांबवायचे आणि कडेला उकिडवे बसायचे. गाड्या कमी झाल्या तरी बसायचे. रस्ता पूर्ण मोकळा दिसेपर्यंत, कधी अर्धा अर्धा तास. दाजींना याची लाज वाटायची. "आमच्या बापाचं निम्मं आयुष्य रस्त्याच्या कडंला बसून गेलं," असं ते हसत सांगायचे. आपण तसं जगायचं नाही, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

वारूळवाडीचा किस्सा ते आमच्या घरी रंगवून सांगायचे. टोमॅटोचा हंगाम, शेतकरी घाईत, आणि एका सकाळी तीन मोटरींना ऑटो बसवायचे होते. दाजींनी चालू लाईटमध्येच पेटी उघडली. शेतकरी घाबरला.

"अरे बबन, आधी लाईट तरी बंद कर."

"बंद करायला खांबापत्तोर जायचं, यायचं, धा मिनिटं. काम पाच मिनिटांचं. तुमीच सांगा भाऊ, शहाणपणा कशात हाय?"

शेतकरी डोळे मिटून उभा राहिला म्हणे. डोळे उघडले तोवर दाजी पेटी लावून मोटरसायकलवर बसले होते. आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचो. मी मंचरला एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. माझं काम पुस्तकं जागेवर ठेवायचं. इतक्या झटपट जगणाऱ्या माणसाचं मला कौतुक वाटायचं, हे मी नाकारत नाही.

ताईला आधी मंचरला आणि तिथून पुण्याला नेलं. दाजी दवाखान्यात कुठेच बसले नाहीत. तीन दिवस ते व्हरांड्यात उभे होते किंवा चालत होते. एका नर्सने नोंद करताना विचारलं, "कसं झालं हे?" दाजी म्हणाले, "मी केलं." नर्सने दचकून माझ्याकडे पाहिलं.  तिला खरं काय ते समजावून सांगायला हवं होतं, पण त्या क्षणी मलाही तेच उत्तर खरं वाटत होतं.

त्यानंतर चार महिने मी त्यांच्याशी बोललो नाही. ते घरी नसतील अशी वेळ बघून ताईकडे जायचो. एकदा ताई म्हणाली, "त्यांच्यावर राग धरू नको. ऑटो हाय हे मला बी म्हाईत व्हतं. त्या टायमाला डोक्यात आलं नाय, एवढंच." मी मान हलवली आणि तरीही राग धरला.

मग एका दुपारी ते ग्रंथालयात आले. परीक्षा संपलेल्या होत्या, कुणी नव्हतं. दारात थांबून त्यांनी चपला काढल्या, भिंतीला लावून ठेवल्या. माझ्या टेबलासमोरची खुर्ची हाताने दाबून पाहिली आणि स्वतःशीच, पण ऐकू येईल असं म्हणाले, "खुर्ची बघितली. पाय मजबूत हायेत. आता बसतो." आणि बसले.

मला वाटलं, या माणसाचं डोकं फिरलं.

"पावणं," ते म्हणाले, "तुमी बोलू नका माझ्याशी, माझी तक्रार न्हाई. पर लिहून घ्यायला मानूस पायजे. मला माझी घरं आठवत न्हाईत."

"कुठली घरं?"

"कुट्टीला ऑटो दिलेली. आपल्या घरासारखी. एक स्टार्टर, एक दांडा. माझीच आयडिया. लोकांना लई आवडली व्हती." त्यांनी टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवले. "त्या घरांतल्या बायका रोज कुट्टी करतात. रोज लाईट जाती. मला बसवत न्हाई, झोपवत न्हाई."

त्यांनी कधी काही लिहून ठेवलं नव्हतं. लिहायला वेळ कुणाला होता? गावांची नावं अर्धीमुर्धी, माणसांची तर नाहीतच. तीन दुपारी ते माझ्यासमोर बसून आठवत राहिले. मी लिहीत राहिलो. आमच्याकडे पुस्तकांची यादी संगणकावर गेल्यापासून कोरी कार्डं पडून होती. एका घराला एक कार्ड. त्यांच्या आठवणीत घरं अशी होती: कुत्रं चावलं ते घर. निळी टाकी, जिन्याला कठडा नाही. म्हातारा कानाने बहिरा, सून मोठ्याने बोलते. घराशेजारी कांद्याची चाळ, चाळीवर जाहिरातीचं फाटकं कापड. एका कार्डावर मी नुसतं एवढंच लिहिलं आहे: "दारात लिंब. चहात गवती चहा. ओतूरच्या आसपास." तिसऱ्या दुपारी कार्डं मोजली तर एकेचाळीस झाली. दाजी म्हणाले, "बरोबर. ही एवढीच." दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाले, "एवढीच असतील ना?" तो प्रश्न ते पुढे दर आठवड्याला विचारत राहिले, जणू मीच ती जोडणी केली होती.

आम्ही रविवारी निघायचो. त्यांनी मोटरसायकल विकून टाकली होती. माझी स्कूटर होती.

"तुमची गाडी इतकी हळू चालती, की मागचे शिव्या घालतात," ते म्हणाले. "मला तशीच पायजे."

त्यांच्या कामाची नवी पद्धत बघायला लोक जमायचे, कारण ती बघण्यासारखीच होती. पेटीला हात लावायच्या आधी ते फ्यूज काढायचे आणि शर्टाच्या खिशात टाकायचे. मोठ्याने म्हणायचे, "फ्यूज काढला. खिशात हाय." मग कुट्टीच्या मोठ्या चाकाजवळ उभे राहायचे. लाईट तोडली तरी ते चाक वजनाने थोडा वेळ फिरत राहतं, हे त्यांना पंचवीस वर्षं माहीत होतं. आता ते चाक थांबेपर्यंत बघत उभे राहायचे. "चाक थांबलं." मग घरून करून आणलेली लाकडी खुंटी चाकात अडकवायचे. "खुंटी घातली. आता हात घालतो." प्रत्येक गोष्ट बोलून करायचे. बोललं की हाताला कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मनातल्या मनात म्हटलं तर मन पुढे पळतं आणि हात एकटा पडतो.

मग कुट्टीला वेगळं, ऑटो नसलेलं बटण. विहिरीचा ऑटो तसाच राहू द्यायचा, त्याला त्यांचा विरोध नव्हता. या सगळ्याला दोन तास लागायचे. शेवटी घरातल्या माणसांना समोर उभं करून, फ्यूज काढण्यापासून खुंटीपर्यंत सगळं त्यांच्याकडून बोलून करून घ्यायचे. पोरंसोरं हसायची. मोठी माणसं हसू दाबायची.

पहिलं घर अवसरीतच होतं, किसनरावांचं. किसनराव दाजींचे जुने गिऱ्हाईक आणि मित्र. त्यांनी ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हणाले.

"बबन, चार वाजता लाईट जाणार. तू दोन तास पेटी उघडून बसलास तर माझा ऊस कोण भिजवणार, हे ग्रंथपाल?"

"पुढच्या रविवारी येतो मग."

"पुढच्या रविवारी बी लाईट चारलाच जाती."

पुढच्या रविवारी गेलो. तेव्हा किसनराव म्हणाले, "तू तीर्थयात्रेला निघालाय का काय? जा की दुसऱ्यांकडं. आमच्या घरात सगळी हुशार हायेत."  परत येताना दाजींचा पाय स्कूटरच्या फळीवर सतत हलत होता.

तिसऱ्या रविवारी आम्ही चार वाजून गेल्यावर पोचलो. लाईट गेलेली होती. किसनराव गोठ्यात मुरघासाच्या, म्हणजे मुरवलेल्या चाऱ्याच्या, पिशव्या रचत होते.

"आता तर लाईट न्हाई," दाजी म्हणाले. "कुट्टी बंद हाय न्हवं?"

"बंदच की."

"मग घाला हात. दाखवा, कसं अडकलेलं काढता."

किसनराव हसले. म्हणाले, "हे घे." वाकले, हात मशीनच्या तोंडापर्यंत नेला. वीतभर अंतर राहिलं असेल. तिथे हात थांबला.  मागे एक गाय पाणी पीत होती. किसनरावांनी हात मागे घेतला, पाठीमागे धरला आणि म्हणाले, "नको राव. आज नको."

तेव्हा दारातून त्यांच्या बायकोचा आवाज आला. ती केव्हापासून उभी होती, आम्हाला कळलं नव्हतं. "मी रोज घालते हात," ती म्हणाली. "ह्यांनी कधी कुट्टी केली हाय? काढा भाऊ ते. आत्ता काढा."

घरी जाताना दाजी म्हणाले, "बघा पावणं. पंचवीस वर्षं मी गड्यांशी बोलत व्हतो. मशीन चालवतं कोण, ते मी कधी इचारलंच न्हाई."

पुढच्या रविवारपासून ताई आमच्याबरोबर येऊ लागली. त्या दिवसापासून मी मित्राची चारचाकी मागून घेऊ लागलो, तीही चाळीसच्या वेगाने. ताई पुढे काही करायची नाही. स्वयंपाकघरात जाऊन बसायची, हात पदराखाली. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलायची आणि मग विचारायची, "तुमच्याकडं मशीनमधी चारा अडकतो का गं?"

"अडकतो की. मक्याचा तर लई."

"मग काय करता?"

"काय करणार, वढून काढायचा हातानं."

ताई पदराखालून हात काढायची नाही. काढायची गरजच पडायची नाही. विचारण्याच्या तिच्या त्या शांत पद्धतीनेच समोरच्या बाईला काहीतरी कळायचं. काही वेळाने ती बाईच बाहेर येऊन म्हणायची, "भाऊ, ते आमचं बी करून द्या." नवरे तोवर मोबाईलवर बोलत अंगणात फिरत असायचे.

या सगळ्यातून दाजी शांत झाले असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. त्यांचे हात सावकाश झाले, पण जीव कुठेच थांबत नव्हता. गॅसचं बटण रात्री तीनदा बघायचे. ताई पाटावर बसून डाव्या हाताने विळीवर भाजी चिरायला शिकत होती, तेव्हा ते समोर बसायचे, मग उठायचे, मग अंगणात जाऊन विहिरीभोवती चकरा मारायचे. आत येऊन म्हणायचे, "दमानं गं." परत बाहेर. एकदा मी तिथेच होतो. ताईने विळी आडवी केली आणि म्हणाली,

"अवो, माझा हात गेलाय. डोकं गेलेलं न्हाई. मला भाजी चिरू द्या."

"मी काय म्हनलो? दमानं, एवढंच."

"मला दमानं म्हणता आन् तुमचा जीव निस्ता पळतोय. तुमी बसलात तर मी बी बसेन."

दाजी उंबऱ्यावर बसले. दोन मिनिटं बसले असतील. मग म्हणाले, "पावणं, त्या ओतूरच्या लिंबाच्या घराचं काय करायचं?" आणि उठले.

त्या घरासाठी आमचे तीन रविवार गेले. ओतूरच्या आसपास दारात लिंब असलेली घरं किती असतात, ते तेव्हा कळलं. दाजी प्रत्येक ठिकाणी गाडी थांबवायला लावायचे, खाली उतरून लिंबाकडे बघायचे आणि मान हलवायचे. मला कंटाळा यायचा. एकदा मी म्हणालो, "दाजी, इतक्या वर्षांत त्यांनी मशीन बदललंही असेल." ते म्हणाले, "असेल." आणि पुढच्या लिंबाकडे चालू लागले.

तिसऱ्या रविवारी एका लिंबाखाली एक म्हातारी मेंढीची लोकर वेचत बसली होती. तिने दाजींकडे पाहिलं, डोळ्यांवर हात धरला.

"तू त्यो पळता वायरमन न्हवं का रं?"

दाजी थबकले.

"अर्धा चा टाकून गेलतास. फटफटी चालू ठिवली व्हती दारात, धुरानं माझी कोंबडी उडाली. मी म्हनलं, ह्याच्या मागं काय वाघ लागलाय का?" तिने सुनेला हाक मारली. "चा टाक गं. गवती चा घालून. ह्या टायमाला समदा पिऊन जायचं, पावणं."

सगळ्या एकेचाळीस घरांमध्ये दाजी हसले ते तिथेच. लिंबाखाली मांडी घालून बसले आणि बशीत ओतून चहा प्यायले. म्हातारी त्यांना त्यांच्या वडिलांबद्दल विचारत होती. दोघांचे कळप पूर्वी कुठल्यातरी एकाच घाटाने उतरायचे, असं निघालं. मी इतका वेळ त्यांना एका जागी बसलेलं पाहिलं नव्हतं. मग ते गोठ्यात गेले. कुट्टी मशीनवर पोतं टाकलेलं होतं. म्हशी विकल्यापासून दोन वर्षं ते बंद होतं.

मी घड्याळ बघितलं. त्या दिवशी ताई आमच्याबरोबर नव्हती, मीही स्कूटर घेऊन आलो होतो, आणि संध्याकाळी मंचरला माझ्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. "दाजी, हे बंदच आहे," मी म्हणालो. "चला."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मला वाटतं, त्यांना माझी थोडी दया आली असावी. "फ्यूज काढला," ते म्हणाले. "खिशात हाय."

दोन तास लागले. सुनेने सगळं बोलून करून दाखवलं. मशीन परत कधी चालू करणार होते कोण जाणे, पण तिने ते मन लावून केलं.

ओतूरच्या एसटी स्टँडवर आलो तेव्हा माझी घाई लपण्यासारखी राहिली नव्हती. मी स्कूटर चालूच ठेवून उभा होतो. दाजी मागे बसले नाहीत.

"तुमी जा. मी यष्टीनं येतो."

"अहो, बसा की. एकाच वाटेने जायचंय."

"आज तुमी दमानं चालवणार न्हाई," ते म्हणाले. "मी नंतर येतो. तुमी बी थोडं थांबून जा, चेहऱ्यावर पाणी मारा."

मी थांबलो नाही. निघता निघता आरशात पाहिलं. नारायणगावची गाडी लागली होती आणि दाराशी झुंबड उडाली होती. लोक खिडक्यांतून रुमाल, टोप्या टाकून जागा धरत होते. दाजी एका खांबाला टेकून, पिशवी दोन्ही पायांमध्ये धरून उभे होते. गाडी भरली आणि निघाली. ते चढले नव्हते. पुढच्या गाडीची वाट बघत ते तिथेच उभे राहिले आणि मी वळणावर आलो.

ते माझं त्यांना शेवटचं बघणं. मी लग्नाला उशिराच पोचलो.

गुरुवारी सकाळी ताईचा फोन आला. ती आत कणीक मळत होती, दाजी ओट्यावर चहा पीत बसले होते. तिने "अजून देऊ का" म्हणून विचारलं, उत्तर आलं नाही. बाहेर आली तेव्हा ते भिंतीला टेकून बसलेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, काहीच करता आलं नसतं.  दहाव्याला किसनराव आले होते. अंगणात बसून म्हणाले, "हळू मानूस, पर गेला तेवढा पटकन." मग स्वतःच्या बोलण्याने ओशाळले आणि पाण्याचा तांब्या मागितला.

मी एवढी वर्षं पुस्तकांत राहिलो. जपून वागावं, लक्ष जागेवर ठेवावं, हे मी किती ठिकाणी वाचलं असेल. ते वाचून मला नेहमी शांत वाटायचं. दाजींना बघून कधी शांत वाटलं नाही. त्यांच्याबरोबर असलं की वाटायचं, आत्ता या मिनिटाला कुठल्यातरी गोठ्यात लाईट गेली आहे आणि कुणीतरी पदर खोचून मशीनकडे वाकते आहे. त्यांना ते सारखं दिसत होतं. आता मला दिसतं. ग्रंथालयात, बँकेच्या रांगेत, जेवताना. लाईट गेली की हातातलं काम थांबतं आणि मी घड्याळ बघतो.

दाजी गेले तेव्हा तेहतीस घरं झाली होती. महिन्याभराने ताई माझ्याकडे आली आणि कार्डं मागितली. मंचरचा एक वायरमन तिने शोधला आहे. चांगला आहे, पण घाईतला. ताई त्याच्या शेजारी उभी राहते आणि त्याच्याकडून सगळं बोलून घेते. "फ्यूज कुठं हाय?" "आहे ना, वहिनी." "आहे न्हाई. कुठं हाय ते बोला." तो वैतागतो, पण बोलतो. या तीन महिन्यांत आम्ही तीन घरं केली.

हे लिहायचं एक कारण सांगून टाकतो. जुन्नर किंवा आंबेगावात तुमच्या गोठ्यात एखादा उंच, काटकुळा वायरमन मोटरसायकल चालू ठेवून आला असेल आणि एकाच स्टार्टरवर विहीर आणि कुट्टी जोडून गेला असेल, तर लाईट गेली तरी मशीनमध्ये हात घालू नका. आधी फ्यूज काढा.

पाच घरं राहिली आहेत. त्यांतली दोन कुठे आहेत, ते आम्हाला माहीत नाही.